रताळ्याचं मडकं

हे मी नवऱ्यापाशी कधी बोलले नाही. ते शेवटचे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, काही राहिलं असेल तर बोलून टाक — तरी मी म्हणाले, काही नाही राहिलं. देवापुढं बसले तर तिथंही इकडचं तिकडचं मागून उठले. आज तुमच्यापुढं तोंड उघडते आहे ते धीर आला म्हणून, असं समजू नका. धीर आता या वयात कुठून यायचा? दमले आहे. एकच गोष्ट पोटात धरून बसायलाही ताकद लागते, आणि ती संपत आली आहे.

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या. लग्न होऊन आले तेव्हा मला पांढऱ्यावरचं काळं कळत नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी मला पाटी घेऊन दिली, समोर बसवून अक्षरं गिरवून घेतली — त्यांना पोथी वाचून दाखवायला कुणी हवं होतं. त्यांनी शिकवलेल्या अक्षरांनीच हे लिहावं लागतंय, याला काय म्हणावं? जाऊ द्या.

गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. आमच्या घरात दिवाळीला फराळाची ताटं मांडली की माझा मुलगा ती सांगतो, आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. पण ते मागाहून सांगते.

आमचं घर बुलढाण्यातलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. साहेबलोक नागपूरकडून बदलून यायचे आणि घाटावरची गार हवा लागली की इथल्या बंगल्यांतून हलायचं नाव घ्यायचे नाहीत. आम्ही बागाईतवाले. खाली मळा होता — वांगी, मेथी, कांदे — आणि माल मेहकरच्या बाजारापर्यंत जायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, म्हणून सारं गाव त्यांना माळकरीबुवा म्हणायचं. मीही त्यांना बुवाच म्हणायची. त्यांनी कधी कुणाला दम दिला नाही, कधी मापात खोटं केलं नाही. अशा माणसाच्या घरात राहणं सोपं असतं असं तुम्हाला वाटतं का? सोपं नसतं. रागीट सासरा असता तर त्याला फसवताना निदान मजा तरी आली असती.

माझं माहेर देऊळघाटचं, हाकेच्या अंतरावर म्हणा ना. शेतकऱ्याचं घर. बकरं कापलं की वाटा आमच्याकडं यायचाच, आणि आईचा मसाला वाटून होईपर्यंत आम्ही पोरं चुलीभोवती घोटाळायचो. लग्न ठरवताना बुवांनी हुंड्याचं काढलं नाही, मानपानाचं काढलं नाही. एवढंच विचारलं — पोरीला माळेच्या घरात राहणं जमेल ना? बाप हो म्हणाला, मीही मनापासून मान हलवली. आणि खरंच, पहिली काही वर्षं मला काही वाटलं नाही. आठवणसुद्धा आली नाही. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बिचारीवर जुलूम झाला. जुलूम कुणीच केला नाही.

आता भट्टीचं सांगते.

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं करीमभाईची पावाची भट्टी होती. विटांची, आतून घुमटासारखी. आत बाभळीची लाकडं पेटवायची, विटा तापून पांढऱ्या पडल्या की निखारे बाहेर ओढायचे, ओल्या पोत्यानं आतली फरशी पुसायची, मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पाव आत सारायचे आणि लोखंडी झाकण लावायचं. हे सगळेच भट्टीवाले करत असतील. पण करीमभाईनं मागच्या अंगाला एक भोक ठेवलं होतं, त्यात एक सुटी वीट. ती वीट थोडी सरकवली की आतली गरम हवा मागून पुढं फिरायची. तो म्हणायचा, "ताप एका जागी बसला की माल करपते. त्याले फिरवा लागते." त्या फिरत्या तापात भाजलेला जिन्नस चहूबाजूंनी सारखा लाल व्हायचा, खालून काळा आणि वरून कच्चा असं कधी झालं नाही. आणि या भोकाचा त्याला भारी गर्व. कुणी भट्टीची नुसती तारीफ केली तर त्याला पुरायचं नाही, भोकाची केली पाहिजे.

माणूस तोंडाचा फटकळ होता. पीठ सैल मळलं तर बायकांना सर्वांदेखत बोलायचा. पण सारं बुलढाणं त्याच्याकडं जायचं, कारण दिवाळी आली की नानकटाई करायची त्याच्याकडंच. पीठ, तूप, साखर आपल्या घरचं, मळायचं आपल्या हातानं, पत्र्याची ताटं आपली. त्यानं फक्त फावड्यानं आत सारायची आणि बाहेर काढायची. त्याचा हात मालाला लागत नसे. म्हणून ज्या घरांत बाहेरचा पाव चालत नसे त्या घरच्या बायकाही बिनघोर यायच्या. आणि ताटांवर खूण काही नाही! सगळी ताटं सारखी, एका वेळी आत कितीतरी, तरी बाहेर काढताना तो बरोबर सांगायचा — हे तुमचं, हे यांचं. कधी चुकला नाही. "ताट बदललं त भट्टी मोडून टाकीन," असं म्हणायचा आणि मिशीला हात लावायचा.

एरवी त्या भट्टीत मटणही भाजलं जाई. पाव निघाले की उरलेल्या तापात लोक बकऱ्याची मांडी आणून द्यायचे — मसाला चोळून, मडक्यात घालून, तोंड कणकेनं बंद करून. बंगल्यावरचा खानसामा तर नेहमीचाच. पण दिवाळीच्या नानकटाया सुरू व्हायच्या आधी करीमभाई भट्टी रिकामीच धडधडून पेटवायचा, आतला सगळा तेलकटपणा जाळून काढायचा, तोंडाला चुना मारायचा, आणि मग नानकटाया संपेपर्यंत मांसाचं मडकं आत जायचं नाही म्हणजे नाही. साहेबाचं असलं तरी नाही. त्याचा तो शब्द होता, आणि गाव त्या शब्दावर यायचं.

मग मला दिवस राहिले.

डोहाळे कुणाला चिंचेचे लागतात, कुणाला मातीचे. मला भिंतीपलीकडच्या वासाचे लागले. ज्या दिवशी तिथं मांडी भाजत असे त्या दिवशी मी परसात काहीतरी काम काढून उभी राहायची. तो वास आईच्या रश्शाचा नव्हता — वरून खरपूस, आतून तुपासारखा, जरा धुरकट. तोंडाला पाणी सुटायचं आणि पाठोपाठ डोळ्यांनाही. लाज वाटायची. बुवा ओसरीवर नाम घेत बसलेले, आणि त्यांची सून परसात भिंतीला नाक लावून उभी! माहेरी जायला अजून अवकाश होता, आणि तिथं गेले तरी अशी भट्टी कुठं होती?

तुम्ही म्हणाल, करीमभाईच्या बायकोकडून एक तुकडा मागायचा होता. जैनबी चांगली होती, भिंतीवरून कोथिंबीर-मिरच्यांची देवघेव चालायची आमची. दिला असता तिनं, कुणाला कळू न देता दिला असता. पण तिच्या घरचं शिजलेलं मी कशी खाणार? बाटायचंही नव्हतं आणि खायचंही होतं — हे असं होतं माझं. म्हणून मी हिशेबानं चालले. मडकं माझं, मसाला आईचा, तोंड मीच बंद केलेलं. भट्टीचा नुसता ताप तेवढा त्यांचा.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, मी निरोप धाडला. डोहाळे अडवू नयेत, नाहीतर पोराची लाळ गळते, असं आईचं म्हणणं. तिनं काही विचारलं नाही. दिवाळीच्या तोंडावरच्या एकादशीला सकाळी बुवा देवळात गेलेले, हे मेहकरला माल घेऊन गेलेले, आणि दादा मागच्या दारानं आला. मटण आईनं चोळूनच दिलं होतं. मी ते मडक्यात भरलं, कोरडं पडू नये म्हणून वरून तूप आणि पाणी घातलं, कणकेनं झाकण बसवलं. दादा म्हणाला, "काऊन इतकी घाबरून राह्यली? खा अन् मोकळी हो."

एकादशीच का निवडली? कारण त्या दिवशी घरोघर चूल थंड, म्हणून बायका नानकटायांची ताटं घेऊन भट्टीवर जायच्या. त्या गर्दीत एक मडकं कोण बघतं? आणि दुसरं कारण — एकादशी असल्यामुळं मला उत्तम खोटं सापडलं होतं. बुवांचे दात गेलेले. राखेत भाजलेली रताळी त्यांना कडक लागायची. मी करीमभाईला म्हणाले, बुवांच्या उपासाची रताळी आहेत, भट्टीत मऊ होतील. मला माहीत होतं, उपासाचं म्हटल्यावर तो झाकणाला बोटसुद्धा लावणार नाही. लावलं तर बुवांना चालायचं नाही, हे त्याला ठाऊक. त्याच्या त्या अदबीवरच मी माझी चोरी बेतली होती.

मटण आहे म्हणून सांगितलं असतं तर? तर त्यानं परत केलं असतं, जरा टाकून बोलला असता, आणि गोष्ट तिथंच संपली असती. माझ्यासमोरच त्यानं खानसाम्याला तसं परत पाठवलं होतं. तोही तसलंच मडकं घेऊन आला होता, ओट्यावर ठेवून थोडी हुज्जत घातली आणि मडकं उचलून गेला. माझं मडकं त्याच ओट्यावर, जरा पलीकडं. हे ध्यानात ठेवा.

करीमभाईनं माझं मडकं फावड्यावर घेतलं, म्हणाला, "जड लागते, बाई."

मी म्हटलं, "मोठी मोठी हायेत."

रताळ्यांना कडक ताप हवा. म्हणून त्यानं ते थेट मागं नेऊन भोकाशी ठेवलं, जिथं ताप सगळ्यात जास्त. बुवांचं म्हणून चांगल्यातली चांगली जागा दिली. मटण असतं तर तिथं कुणी ठेवलं नसतं. आणि मडकं मी सकाळीच धुतलेलं, पुरतं वाळलंही नव्हतं. पुढं सगळ्यांची ताटं लागली, झाकण बसलं, वीट सरकली. आम्ही बायका बाहेर बोलत उभ्या राहिलो. मी तर हसत होते, आठवतंय मला.

मडकं फुटल्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. वास आला. आधी मला आला, कारण मी त्याचीच वाट बघत होते — मग सगळ्यांना. करीमभाईनं झाकण ओढलं तर तूप आणि रस फरशीवर पसरून जळत होते, आणि फिरता ताप तो धूर मागून पुढं आणून गावभरच्या नानकटायांवरून फिरवत होता. त्यानं फावडं घालून मडकं बाहेर काढलं. अर्धं खापर गळून पडलेलं, आत मटणाची मांडी, एका अंगानं सुरेख लाल झालेली. एकादशीच्या दिवशी!

काय आरडाओरडा झाला ते सांगत नाही. करीमभाई फावडं हातात घेऊन उभाच. मग म्हणाला, "हे त माळकरीबुवाच्या सुनेचं मडकं. रताळी हायेत म्हणे."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. आता बोलायला हवं होतं. मी काय केलं? मी पोटावर हात धरून खाली बसले. चक्कर आली नव्हती. तरी बसले. शेजारच्या काशीबाईनं मला धरलं आणि ती त्याच्यावर ओरडली, "पोटुशी बाई हाय, तिच्यावर आळ घेतं का बे? माळकऱ्याच्या घरी मटण? जीभ झडन तुही!" एकीनं पाणी आणलं, एकीनं पदरानं वारा घातला. मी डोळे मिटून घेतले. आणि एक सांगू? मला बरं वाटलं. सगळ्या माझी बिचारी बिचारी करत होत्या, आणि मला ते गोड वाटलं.

दिवस मावळायच्या सुमारास मंडळी आमच्या ओसरीवर जमली. करीमभाईही आला होता. बुवांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माही सून खोटं बोलत नाही. थे सांगन थे मी मानतो, तुमीबी माना." आणि मला दारात बोलावून विचारलं, "पोरी, मडक्यात काय होतं?"

एवढ्या साध्या शब्दांत विचारलं त्यांनी. मी म्हणाले, "रताळी होती, बुवा. तुमच्यासाठी भाजाले देली होती. थे मडकं मले वापसच नाही भेटलं."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. नुसतं खोटं बोलून माझं भागलं नाही, मला माझं मडकंही हवं होतं.

तेव्हा बुवांना खानसाम्याची गोष्ट सुचली — कुणीतरी म्हणालं, तोही सकाळी मडकं घेऊन आला होता. बुवा म्हणाले, झालं, मडकी बदलली. खानसाम्यानं रताळी नेली आणि मटण इथं राहिलं. करीमनं जाणून काही केलं नाही, माणसाच्या हातून चूक होते, त्याला कुणी बोलू नका. बुवांना वाटलं आपण न्याय केला. सगळ्यांना पटलं. खानसामा तर दुसऱ्याच दिवशी साहेबाबरोबर दौऱ्यावर निघून गेला, होळीपर्यंत तंबूतच, त्याला विचारणार कोण? फक्त करीमभाई हलला नाही. "बदललं नाही, बुवा," एवढंच म्हणाला. "माह्या हातून बदलत नाही." मग माझ्याकडं पाहिलं. मी दाराआड झाले.

बुवा त्या दिवशी उपाशीच झोपले. म्हणाले, माझ्या दातांच्या लाडापायी पोरीला त्रास झाला. पुन्हा त्यांनी रताळं मागितलं नाही.

गाव करीमभाईला काही बोललं नाही, सगळ्यांनी बुवांचा शब्द पाळला. फक्त त्याच्याकडं जाणं सोडलं. मडकं बदलू शकतं तर ताटही बदलू शकतं, नाही का? उरलेल्या नानकटाया बायकांनी घरीच पातेल्यात वाळू तापवून भाजल्या, काही करपल्या, काही कच्च्या राहिल्या, पण भट्टीवर कुणी गेलं नाही. मग पावाचीही गिऱ्हाइकं तुटली. पुढं पुढं भिंतीपलीकडून धूर दिसेना. वासही येईना. माझे डोहाळे तर त्याच दिवशी मेले होते.

इथवरचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. भ्याले होते, पोटात पोर होतं, बुवांचं नाव होतं — ऐकणाऱ्यानं चुचकारलं असतं. पण जे सांगायचं म्हणून बसले ते हे नाहीच. ते पुढं आहे.

थंडी ओसरत आली होती. माझे दिवस भरत आलेले. दुपारची वेळ, बुवा मळ्यात. मी परसात वाळवण राखत बसले होते. भिंतीपलीकडून जैनबीनं हाक मारली. त्या दिवसापासून आमची देवघेव बंद होती. मी उठून गेले. ती भिंतीला लागून उभी, आवाज अगदी खाली.

म्हणाली, "बाई, मी भांडाले नाही आली. आमी उद्या रोहिणखेडले चाललो, माह्या भावाकडं. भट्टी गेली त गेली. पण ह्यायचं डोकं फिरून राह्यलं. आधी म्हणे बदललं नाही. आता म्हणते, बदललं असन. मीच खानसाम्याचं उचललं असन. रोज थेच. घडा भरते अन् इचारते, हा मीच भरला ना? झोपीतून उठते अन् कडी लावली का पाहाते. लोकायले काही सांगू नका, बुवाले सांगू नका. फकत मले सांगा. मी त्यायले सांगन, तुह्या हातून बदललं नव्हतं. बस. कोनाचं नाव बी घेनार नाही."

बघा. नीट बघा. लोकांपुढं नाही. बुवांपुढं नाही. दुसऱ्या दिवशी गाव सोडून जाणारी बाई. माझ्या केसालाही धक्का लागणार नव्हता. भीतीला इथं जागाच नव्हती, म्हणून भ्याले होते असंही मला म्हणता येत नाही. मग काय होतं? मी किती वेळा स्वतःला विचारलं आहे. मला वाटतं, त्या चार महिन्यांत मी खरीच झाले होते. रताळी दिलेली, मडकं हरवलेली, बिचारी सून — ती मीच होते, आणि मला ती आवडत होती. जैनबी तिला माझ्यापासून काढून न्यायला आली होती. मला तिचा राग आला. खरं सांगते, राग आला.

मी म्हणाले, "बदललंच असन. मी त रताळीच देली होती."

तिनं पुन्हा विचारलं नाही. "हाव," म्हणाली, आणि तिच्या चपलांचा आवाज लांब गेला.

मुलगा झाला. त्याची लाळ गळली नाही. बुवांनी त्याला मांडीवर घेऊन कितीतरी दिवाळ्या केल्या, आणि त्यांनीच त्याला ती गोष्ट शिकवली — साहेबाचं मटण एकादशीला माळकऱ्याच्या ताटात कसं येणार होतं, आणि साहेबाला जेवायला रताळी कशी मिळाली असतील! बुवा सांगताना हसायचे. करीमची आठवण मात्र चांगली काढायचे, म्हणायचे, अशी नानकटाई पुन्हा खाल्ली नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण एका गरिबाला आळातून सोडवलं.

दादा एकदा बैल पाहायला रोहिणखेडकडं गेला होता. येऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमचा तो भट्टीवाला दिसला. मशिदीच्या अंगाला कुणाच्या तरी लग्नात रांधायला होता. मडक्यांच्या गळ्यांत रंगीत चिंध्या बांधतो — कुणाची तांबडी, कुणाची हिरवी — आणि तरी तीन-तीनदा विचारतो, हे तुमचंच ना? नक्की तुमचंच ना? पोरं त्याला येडा म्हणतात, मुद्दाम चिंध्या सोडून पळतात. दादा सांगताना खाली बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्यानंही कधी तोंडातून शब्द काढला नाही. पुढं कधीतरी त्यानंच सांगितलं, तो भट्टीवाला वारला. जैनबीचं मला काही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

गेल्या दिवाळीला मुलानं नातवंडांना घेऊन पुन्हा ती गोष्ट सांगितली. आता तो ती रंगवून सांगतो. करीमभाईचं फावडं घेऊन उभं राहणं, डोळे वटारणं, सगळी नक्कल करतो. "बदललं नाही, बुवा! माह्या हातून बदलत नाही!" — असं तो म्हणाला की पोरं लोळून लोळून हसतात. धाकट्या नातीनं मला विचारलं, "आजी, खरंच असं झालं होतं?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "हाव," आणि तिच्यापुढं नानकटाईचं ताट सरकवलं.

मडकं बदललं नव्हतं. ते माझंच होतं, आणि त्यात मटण होतं. भिंतीपलीकडं जैनबी उभी होती, तिला एवढंच हवं होतं. दुपारची वेळ होती, आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.